मिठाच्या गावी

आगगाडी हाल्श्टाटला पोचते, पण गावात नाही. ती तुम्हाला तळ्याच्या समोरच्या काठावर उतरवते आणि पुढे बोटीनं जायचं. ऑस्ट्रियातल्या आल्प्सचा उभा कडा, आणि फळीवर डबे मांडावेत तशी त्याला बिलगलेली घरं. वस्ती जेमतेम साडेसातशे. १८९० सालापर्यंत इथं यायला धड रस्तासुद्धा नव्हता!

अशा अडचणीच्या जागी माणसं राहिली कशासाठी? मैत्रिणींनो, मिठासाठी. हा डोंगर हजारो वर्षं खणला जातो आहे. २००३ साली खाणीत एक लाकडी जिना सापडला, तो इ. स. पूर्व चौदाव्या शतकातला. मिठात मुरलेलं लाकूड कुजलंच नाही. लोणच्याच्या बरणीचा न्याय, दुसरं काय!

१८४६ पासून रामझाउअर नावाच्या खाण-अधिकाऱ्यानं इथं हजाराच्या आसपास थडगी उकरली. युरोपातल्या लोहयुगाच्या पहिल्या काळाला या गावाचंच नाव मिळालं. इथवर सगळं पुस्तकातलं. मला चटका लागला तो पुढे. त्या थडग्यांतली हाडं संशोधकांनी तपासली, तेव्हा पुरुषांच्या हाडांवर हत्यार चालवल्याच्या खुणा निघाल्या आणि बायकांच्या हाडांवर एका खांद्यावरून ओझी वाहिल्याच्या. पोरंही सुटली नव्हती. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या बायका या, पण वाचताना माझा हात आपोआप खांद्यावर गेला.

आता ओझं आहे ते आपल्यासारख्या प्रवाशांचं. २०२३ साली गावकऱ्यांनी वैतागून गावाकडे येणारा बोगदा थोडा वेळ अडवला होता. तेव्हा जाल तर मुक्काम करा आणि सकाळी लवकर फिरा, म्हणजे गाव तरी दिसेल.

आणि चर्चच्या मागची ती छोटी खोली चुकवू नका. मसणवटीला जागा अपुरी, म्हणून पूर्वी काही वर्षांनी थडगं उकरून कवटी काढत, उन्हात पांढरी करत, तिच्यावर नाव लिहून पानंफुलं रंगवत. घराण्यागणिक मांडलेल्या अशा सहाशेंवर कवट्या तिथं आहेत. भीती वाटेल म्हणून मी दारातच थबकले होते. पण आत गेल्यावर वाटलं, अगं, ही तर घरचीच माणसं बसली आहेत.

शेवटची कवटी एका बाईची. ती १९८३ मध्ये वारली, १९९५ मध्ये इथं आली, आणि तीही स्वतःच्या इच्छेनं. तिचा सोन्याचा दात अजून चमकतो.