पावसात कोरडी राहिलेली शाळा

बाबासाहेबांचे मूळगाव आंबडवे ज्या मंडणगड तालुक्यात, त्याच तालुक्यात आमचेही गाव. श्रावणात आम्ही मुंबईहून गावी गेलो. एस.टी.तून उतरलो तोच पावसाने गाठले. आडोशाला शिरलो ते जिल्हा परिषदेच्या नव्या शाळेच्या पडवीत.

जुन्या खोलीवर सपाट स्लॅब होता. कोकणच्या पावसापुढे त्याचे काही चालले नाही. मुले गळतीखाली बादल्या ठेवून शिकली. मग वर पत्रे टाकले, तर पावसाच्या आवाजात बाईंचे बोलणे ऐकू येईना, आणि वैशाखात खोलीची भट्टी होई.

नव्या बांधकामालाही पैसे थोडेच होते. पण या वेळी आधी विचार झाला. भिंती जवळच्याच खाणीतल्या जांभ्याच्या. हा दगड उघड्या हवेत अधिकच घट्ट होतो, गिलाव्याचा खर्चही वाचतो. छप्पर उतरते, कौलारू. खिडक्या समोरासमोर, म्हणून वारा खेळतो. अपंग मुलांसाठी उतरता रस्ता आणि मुलींसाठी वेगळे शौचालय. या दोन्ही गोष्टी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच आहेत.

दुपारी त्या पडवीत साऱ्या गावाची मुले एकाच पंगतीला खिचडी जेवली. आमच्या आजोबांची सारी शाळा पडवीतच झाली, कारण त्यांना आत घेत नसत.

वाचकहो, सरकारी शाळा गरिबांची, म्हणून ती कशीही बांधावी काय? आपल्या गावी शाळेचे काम निघाले, तर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जा. छप्पर कसले, खिडक्या किती, हे विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.