सही भावाची, घर माझं

आज थोडं लांब लिहितोय. घरातलीच गोष्ट आहे. पण गेल्या महिन्यात दोन जणांनी फोन करून एकच प्रश्न विचारला, "मेहुण्याच्या गृहकर्जावर नुसती सही करायचीय, काही होत नाही ना?" त्या दोघांना फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथं सांगतो.

पेपरच्या आतल्या पानावर तुम्ही ताबा नोटिसा पाहिल्या असतील. बारीक अक्षरात गट नंबर, चतुःसीमा, थकीत रक्कम. कर्जाचे हप्ते ९० दिवस थकले की खातं एनपीए होतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, तीही मुदत गेली की ताबा. ताबा घेतल्याची नोटीस दोन दैनिकांत छापावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. म्हणून ती आमच्याकडं येते, आणि खरं सांगायचं तर त्या जाहिरातीवर आम्हा तालुका वार्ताहरांना कमिशन मिळतं. मीही घेतलंय. बरीच वर्षं मी त्या नोटिसांत फक्त आकार बघायचो, किती सेंटिमीटर बसली आणि बिल किती होणार. त्यात कर्जदाराच्या नावाखाली 'सहकर्जदार', 'जामीनदार' म्हणून जी दोन-तीन नावं असतात ती वाचायला लागलो ते २०२३ नंतर. तसल्याच एका रकान्यात माझ्या धाकट्या भावाचं नाव माझ्यामुळं येता येता राहिलं.

२०१७ मध्ये बार्शीत एक रो हाऊस मिळत होतं. २२ लाख. चार लाख आम्ही बायकोचं सोनं आणि पतसंस्थेतली ठेव मोडून उभे केले. राहिले १८ लाख. आता माझं उत्पन्न म्हणजे काय, तर पेपरचं मानधन ८,००० रुपये आणि वर जाहिरातीचं कमिशन. दिवाळी अंकाला बरं, आषाढात बोंब. सॅलरी स्लिप नाही, रिटर्न दोनच वर्षांचे भरलेले. बँकेतल्या साहेबांनी चहा पाजला, आमच्या बातम्यांचं कौतुक केलं आणि मग सांगितलं की पोलीस, वकील आणि पत्रकार यांना कर्ज देताना वरचे लोक दोनदा विचार करतात. वसुलीला गेलं की हे लोक उलटे बोलतात म्हणे. मी हसलो. काय करणार!

"घरात कुणी पगारदार आहे का?" हा पुढचा प्रश्न. अण्णा निवृत्त शिक्षक, पेन्शन चालू, पण वय सत्तर. बँकेला कर्ज संपेपर्यंतचं वय बघायचं असतं, अण्णा बाद. मग राहिला धाकटा. माढा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर, पगार ३८,००० च्या आसपास. साहेब म्हणाले, "झालं की मग! भाऊ सहकर्जदार घ्या. फक्त सही लागते."

या 'फक्त सही'वर माझा आज राग आहे. साहेबांवर नाही, शब्दावर. कारण आमच्या घरात सहीची किंमत आधी एकदा मोजून झाली होती. मी शाळेत असताना अण्णा एका सहकारी मास्तरांना शिक्षकांच्या पतसंस्थेत जामीन राहिले होते. ते मास्तर हप्ते भरेनात. पतसंस्थेनं अण्णांच्या पगारातून कपात सुरू केली, दर महिन्याला ४०० रुपये, दोन वर्षांच्या वर. त्या दोन वर्षांत आम्हा भावांना नवे बूट आले नाहीत, एवढंच मला आठवतं. पुढं कायदा वाचला तेव्हा कळलं की १८७२ च्या करार कायद्यातच लिहिलंय, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच. आधी त्याच्याकडं जा, मग माझ्याकडं या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. त्याच कायद्यात असंही आहे की जामीनदारानं पैसे भरले तर त्याला ते मूळ कर्जदाराकडून वसूल करता येतात. अण्णांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मास्तरानं मास्तरावर दावा लावायचा काय?"

तर हे अण्णा. जन्मभर आम्हाला सांगत आले की कुणाला जामीन राहू नका. पण त्या दिवशी धाकट्याला म्हणाले, "दादाचं घर होतंय, कर सही." धाकट्यानं केली. चाळीसेक पानं होती. जिथं जिथं पेन्सिलनं फुली मारली होती तिथं तिथं. एकही पान त्यानं वाचलं नाही आणि मीही नाही. मी, ज्याला लोक कोर्टाचे कागद वाचायला आणून देतात!

जामीनदार आणि सहकर्जदार यात लोकांची गल्लत होते म्हणून सांगतो. जामीनदार म्हणजे 'त्यानं नाही भरलं तर मी भरीन' म्हणणारा. सहकर्जदार म्हणजे स्वतः कर्ज घेतलेलाच माणूस. पहिल्या दिवसापासून ते १८ लाख जेवढे माझे तेवढेच धाकट्याचे. निम्मे निम्मे नाहीत. पूर्ण माझे आणि पूर्ण त्याचेही. घर मात्र माझ्या आणि बायकोच्या नावावर. घराचा जो मालक आहे त्याला बँक सहकर्जदार करतेच, पण सहकर्जदार मालक असलाच पाहिजे असं नाही. म्हणजे धाकट्याला कर्ज आलं, भिंत एक आली नाही. आयकरात व्याजाची सूटही मालकी नसेल तर मिळत नाही. वर कर्जाबरोबर विमा उतरवला होता, तोही माझ्या एकट्याच्या जिवावर. या व्यवहारात त्याच्या पदरात काय पडलं, तर वास्तुशांतीचा शर्टपीस.

हप्ता १५,६०० चा. तीन वर्षं मी तो एकदाही चुकवला नाही, हे जरा अभिमानानं सांगतो.

मग २०२०. पेपरची पानं कमी झाली, जाहिराती बंद, मानधन निम्मं. रिझर्व्ह बँकेनं मार्च ते ऑगस्ट हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली, ती मी सहाही महिने घेतली. व्याज मात्र चालूच होतं. साठ-सत्तर हजार मुद्दलात मिळाले. व्याजावरचं व्याज सरकारनं नंतर परत दिलं, ते खात्यावर जमा झालं तेव्हा मी त्याची बातमी केली होती. सवलतीतले हप्ते थकीत धरले गेले नाहीत. इथपर्यंत ठीक होतं.

एप्रिल २०२१ मध्ये अण्णांना कोरोना झाला. ज्यांच्या घरात ते दिवस गेलेत त्यांना बेड, ऑक्सिजन, इंजेक्शन हे सांगायला नको. मे महिन्यात अण्णा गेले. त्या दोन महिन्यांचे माझे हप्ते बाऊन्स झाले. पैसे दवाखान्यात गेले, खोटं नाही. पण धाकट्यानंही तेवढेच घातले होते, थोडे जास्तच. बँकेचे मेसेज माझ्या मोबाईलवर यायचे, त्याच्या मोबाईलवर नाही. मी जुलैत दंडासकट सगळं भरलं आणि गप्प बसलो. त्याला सांगितलं नाही. का नाही सांगितलं? दहाव्याला आलेल्या भावाला कुठं सांगायचं, असं तेव्हा वाटलं. पण दहाव्यानंतर सांगता आलं असतं. महिन्यानं सांगता आलं असतं. लाज वाटली, दुसरं काही नाही.

२०२३ मध्ये धाकटा स्वतःच्या घराला लागला. दोन पोरं, भाड्याच्या दोन खोल्या, बायको शिलाई करून संसाराला हातभार लावणारी. एक फ्लॅट बघितला, इसार दिला, आणि बँकेत गेला. तिथं त्याच्या नावावर दोन गोष्टी निघाल्या. एक, सिबिल स्कोअर घसरलेला, कारण २०२१ मध्ये दोन हप्ते थकले होते. तो म्हणाला, माझा तर सोसायटीचा हप्ता पगारातून कापून जातो, थकेल कसा? साहेबांनी स्क्रीन त्याच्याकडं फिरवली. तिथं माझ्या घराचं कर्ज होतं.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. हिशेब सांगतो, कारण हा हिशेब सही करण्याआधी कुणी सांगत नाही. त्याचा पगार तेव्हा ६२,०००. बँकेनं निम्मा, म्हणजे ३१,००० रुपये हप्त्याला धरले. त्यातून सोसायटीचे ९,००० गेले. राहिले २२,०००. एवढ्यात त्याला चोवीस-पंचवीस लाख मिळाले असते, फ्लॅट बसला असता. पण माझे १५,६०० सुद्धा त्याच्याच नावावर. ते मी भरतो की तो, याच्याशी बँकेला घेणं नाही. राहिले ६,४००. त्यात बसले सात लाख. सात लाखांत बार्शीत आज काय मिळतं?

इसार बुडाला. रात्री तो घरी आला. भांडला नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "दादा, सांगायचं तरी होतंस. दोन हप्ते मी भरले असते." त्याच्या बायकोनं मात्र विचारलं, दारातूनच, डोक्यावरचा पदर सारखा करत, "दादा, घर तुमचं आहे, मग कर्ज ह्यांचं कसं?" माझ्या आईला ते आवडलं नाही. थोरल्या दिराला असं विचारतात का, वगैरे. पण त्या प्रश्नात चूक काय होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

मग मी त्याचं नाव काढायला बँकेत गेलो. अर्ज दिला की नाव निघतं असं मला वाटत होतं. निघत नाही. बँकेनं एका पगारावर विश्वास ठेवून कर्ज दिलंय, तो पगार ती सुखासुखी सोडत नाही. राहिलेल्या कर्जदारांची ऐपत नव्यानं तपासतात आणि पटलं तरच सोडतात. आमच्या बँकेला पटलं नाही. मध्येच रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला होता, मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत. आमचा हप्ता तेवढाच ठेवून मुदत वाढवली होती, तेही मला तिथंच कळलं. म्हणजे धाकटा आणखी काही वर्षं अडकला होता. सहीच्या वेळी कुणी मुदत सांगितली तर ती पक्की धरू नका.

शेवटी वर्षभर धडपड केली. रिटर्न नीट भरायला लागलो, कमिशनची पै न पै दाखवून. बायको खासगी शाळेत क्लार्क आहे, १४,००० पगार, पण आता खात्यावर येतो. आधी रोखीत मिळायचा, म्हणजे बँकेच्या लेखी मिळतच नव्हता. आमच्यासारख्या गावात निम्मी बाजारपेठ अशीच आहे. आडत दुकानातला मुनीम, टेम्पोवाला, शिकवणी घेणाऱ्या बाई, सगळे महिन्याला कमावतात आणि कागदावर कुणीच कमवत नाही. मग प्रत्येक कुटुंबात जो एक मास्तर, कंडक्टर किंवा तलाठी असतो त्याच्या सहीवर सगळ्यांची घरं उभी राहतात. त्याचं स्वतःचं शेवटी राहतं. यावर कुणी आमदार सभागृहात बोलल्याचं निदान मी तरी ऐकलेलं नाही.

२०२४ मध्ये एका दुसऱ्या संस्थेनं आमचं कर्ज घेतलं, फक्त नवरा-बायकोच्या नावावर. साडेपंधरा लाख, १५ वर्षं, व्याज जुन्या बँकेपेक्षा टक्काभर जास्त. हप्ता आता १६,९००. बदलत्या व्याजदराचं गृहकर्ज मुदतीआधी फेडायला दंड लागत नाही, हे एक बरं. प्रोसेसिंग फी आणि कागदपत्रांचा खर्च मात्र झाला. जुन्या बँकेकडून कर्ज बंद झाल्याचा दाखला घेतला, त्याची झेरॉक्स धाकट्याला दिली आणि सिबिलवर खातं बंद दिसेपर्यंत त्याच्या मागं लागलो. हा रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. ज्यांनी कुणाच्या कागदावर सही केलीय त्यांनी आज रात्रीच काढून बघा. आणि त्या कर्जखात्याला स्वतःचा मोबाईल नंबर जोडून घ्या, म्हणजे भाऊ गप्प बसला तरी मेसेज गप्प बसत नाही.

त्या दोन फोनवाल्यांना मी 'सही करू नका' असं म्हणालो नाही. माझ्या भावानं केली नसती तर मी आज भाड्याच्या घरात असतो, हे मी कसं विसरू? एवढंच म्हणालो की मेहुण्याला विचारा, घराच्या कागदावर तुमचं नाव येणार आहे का, विम्यात आहे का, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत तुम्हाला स्वतःला कर्ज लागणार आहे का. मेहुणा रागावला तर रागावू द्या. आत्ताचा राग स्वस्तात पडतो.

धाकट्याचं कर्ज यंदा मंजूर झालं. तोवर तो फ्लॅट गेला होता आणि भावही वाढले होते. गावाच्या जरा बाहेर, वन बीएचके मिळाला. सहकर्जदार त्याची बायको, आणि खरेदीखतावरही तिचं नाव. बँकेतून थेट आमच्याकडं आले, पेढे घेऊन. एवढा उशीर का झाला असं आईनं विचारलं, तर धाकटा म्हणाला, "ही सगळी पानं वाचत बसली होती. साहेब दोनदा जेवायला जातो म्हणाले."