कोणते बायबल वाचावे?

ही गेल्यापासून संध्याकाळचे बायबलवाचन मी एकटाच करतो. तिचे जुने 'पवित्र शास्त्र' आता पानापानाने सुटत चालले आहे. अक्षरही बारीक. मुलगा म्हणाला, "पप्पा, नवीन घ्या ना." पण नवीन म्हणजे कोणते?

जन्मभर मराठी शिकवल्यामुळे मी आधी भाषेपाशी अडखळतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू व ग्रीकवरून भाषांतर केले. साध्यासुध्या बायकांनाही कळावे, ही त्यांची तळमळ. १९२२ साली त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. त्या कष्टांपुढे मान लवते, पण आज ती वाक्यरचना मला जड जाते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' राजहंसने २०१० साली काढले. ते वाचताना कुणी जाणकार शेजारी बसून समजावतोय असे वाटते.

तेच आणले. पहिल्या दिवशी करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय काढला. आमच्या लग्नात वाचलेला, प्रीतीवरचा. अर्थ स्वच्छ कळला. ओठ मात्र जुनेच शब्द पुटपुटत होते, आणि कानात आवाज हिचा...

शेवटी ठरवले, अभ्यासाला नवे आणि प्रार्थनेला जुने. जुने घेऊन शालिमारला बाइंडरकडे गेलो. तो म्हणाला, "सर, यापेक्षा नवीन स्वस्त पडेल."

म्हटले, "असू दे. फक्त कडा कापू नकोस. समासात पेन्सिलीने काही लिहिलेले आहे."