हेड न मोजता मागवलेले पिस्टन

कस्टम पिस्टन बनवणारी कंपनी आधी एक फॉर्म भरून मागते. बोअर किती, स्ट्रोक किती, कनेक्टिंग रॉडची लांबी किती, पिन किती जाड, हेडच्या पोकळीत किती सीसी मावतात, हेडखालचं पॅकिंग आवळल्यावर किती जाड राहतं, पिस्टन वर आला की ब्लॉकच्या पातळीपासून किती खाली थांबतो. हे सगळं आपल्या समोरच्या इंजिनावर मोजायचं असतं. मी मॅन्युअल उघडून बसलो आणि एका बैठकीत फॉर्म भरून टाकला. इंजिन शेजारच्याच स्टँडवर उघडं पडलेलं होतं.

गाडी होती १२९८ सीसीची मारुती एस्टीम. मालक कोल्हापूरजवळच्या गावातला ऊस बागायतदाराचा मुलगा. शर्यतीचा नाद त्याला कमी आणि हायवेचा जास्त. त्याला टर्बो हवा होता, बूस्ट साधारण ०.७ बार. गाडीचे मूळ ओतीव पिस्टन एवढ्या दाबाखाली फार दिवस नॉकिंग सोसत नाहीत, म्हणून फोर्ज्ड पिस्टन घ्यायचे ठरले. इथपर्यंत सगळं बरोबर होतं.

फॉर्ममध्ये धातूसाठीही एक रकाना होता, ४०३२ की २६१८. पहिल्यात सुमारे बारा टक्के सिलिकॉन असतं, त्यामुळे तो तापल्यावर कमी फुगतो आणि बोअरमध्ये जवळ बसवता येतो. दुसऱ्यात सिलिकॉन जवळपास नसतं. तो मार जास्त खातो, पण फुगतोही जास्त, म्हणून भिंतीपासून सैल ठेवावा लागतो. गाडी रोज दूध-बाजाराला जाणारी. पण ‘रेसिंगवाले २६१८च वापरतात’ हे कुठंतरी ऐकलं होतं, तेवढ्यावर मी खूण केली. पुढे रोज सकाळी थंड इंजिन खडखडायचं आणि मी मालकाला सांगायचो, “दादा, फोर्ज्डचा आवाज असाच असतो.” ते खोटं नव्हतं. तो आवाज त्या गाडीत असायची गरज नव्हती, एवढंच मी सांगत नव्हतो.

खरी चूक मात्र सीसीच्या रकान्यात झाली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांच्याकडे आम्ही बोअरिंग करायचो, त्या काकांनी हेड हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि म्हणाले, “हे आधी घासलेलं दिसतंय रं. मोजलंस काय?” मी म्हटलं, “मोजलंय, काका.” मोजलेलं नव्हतं. सीसी मोजायची ब्युरेट कपाटात होती आणि हेडवर ठेवायची प्लॅस्टिकची पट्टीही होती. पण ऑर्डरची तारीख जवळ आलेली, मालक रोज फोन करत होता आणि मॅन्युअलमधला आकडा माझ्या पाठ होता. ते मॅन्युअल कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंजिनाचं होतं, माझ्या स्टँडवरच्या नव्हे. या इंजिनाचं हेड आधीच्या मालकाच्या काळात तापून वाकलं होतं आणि दोनदा तरी फेस मारून सपाट केलं गेलं होतं. ब्लॉकवरही फेस मारला होता. म्हणजे वरची जागा मॅन्युअलपेक्षा कमी उरली होती.

पिस्टन आले. सुंदर होते. जुळवणी करताना शंका आली आणि मी शेवटी ब्युरेट काढली. साडेचौऱ्याहत्तर मि.मी. बोअरला एका सिलिंडरचे ३२९ सीसी होतात. साडेआठचं कॉम्प्रेशन हवं तर वर सुमारे ४४ सीसी जागा लागते. माझ्याकडे जेमतेम ४१ भरली. म्हणजे कॉम्प्रेशन नऊ. तीन सीसी म्हणजे चमचाभरही नाही. पण पंपावरच्या साध्या पेट्रोलवर टर्बो चालवायचा तर तो फरक मोठा असतो.

आता मार्ग दोन होते. पिस्टन परत पाठवून माथ्यावरची वाटी खोल करून घ्यायची, किंवा जाड पॅकिंग घालून जागा वाढवायची. पहिल्यात वेळ जाणार होता आणि माझं अज्ञान उघडं पडणार होतं. मी दोन मि.मी. जाडीचं तांब्याचं पॅकिंग कापून आणलं. कागदावर कॉम्प्रेशन साडेआठच्या किंचित खाली आलं आणि मी खूश झालो.

गाडी बूस्टवर गेली की टिकटिक सुरू. कॉम्प्रेशन कमी करूनही नॉकिंग का होतंय, हे मला बरेच दिवस कळेना. कारण होतं पॅकिंगमध्येच. पिस्टन वर येतो तेव्हा त्याची कडा आणि हेडचा सपाट भाग यांच्यात साधारण एक मि.मी. फट असेल, तर तिथलं मिश्रण दाबलं जाऊन प्लगकडे ढकललं जातं. ते चांगलं घुसळतं, लवकर जळतं आणि कडेला पेटायला फारसं काही उरत नाही. माझ्या इंजिनात ती फट पावणेदोन मि.मी.च्या वर गेली होती. कडेला अडकलेलं मिश्रण ज्योत पोचायच्या आधीच आपोआप पेटत होतं. जागा वाढवली होती मी, पण नेमकी नको तिथे.

मी टायमिंग मागे घेतलं. टिकटिक कमी झाली, जोरही गेला आणि एक्झॉस्ट तापू लागला. मालकाला मी पेट्रोलचं कारण सांगितलं. मग एका दिवशी पुण्याहून येताना कराडच्या अलीकडे गाडी थांबली. डिपस्टिक काढली तर पाणी मिसळून तेलाचा चहा झालेला.

हेड उघडल्यावर दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर तांबं जळालेलं दिसलं. तांब्याच्या पॅकिंगसाठी ब्लॉकवर किंवा हेडवर सिलिंडरभोवती खाच मारून तारेची रिंग बसवावी लागते. तीही मी टाळली होती. पॅकिंग गेलं म्हणून इंजिन गेलं, असं मी चार लोकांना सांगितलं. पण एका पिस्टनची वरच्या रिंगखालची कडा तुटलेली होती आणि हेडच्या काठावर बारीक खड्डे पडले होते. म्हणजे नॉकिंगने आधी पिस्टन फोडला होता आणि दाबाच्या त्याच धक्क्यांनी पॅकिंगही सोडवलं होतं. तुटलेल्या तुकड्याने स्लीव्हवर ओरखडे काढले. पिस्टनचा सेट, स्लीव्ह, टर्बोचं बेअरिंग आणि मालकाचा विश्वास, एवढं त्या चमचाभर हिशेबात गेलं. पिस्टनचे पैसे मी भरले. विश्वास भरून देता आला नाही. पुढचं इंजिन त्याने दुसरीकडे बांधलं.

काकांना खरं सांगितलं तेव्हा ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “खोटं बोलला नसतास, तर मीच मोजलं असतं की.” माझ्यासाठी ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

त्यानंतरच्या टर्बोच्या कामात मी सगळ्या पोकळ्या मोजल्या, ब्लॉकच्या पातळीला डायल गेज लावला आणि फॉर्म पेन्सिलीने भरला. पिस्टन हातात आल्यावर त्याच्या मापाने बोअर होन केला, आधी नाही. कॉम्प्रेशन पिस्टनच्या वाटीतून कमी केलं आणि फट एक मि.मी.च्या आसपास राहील असं स्टीलचं बहुपदरी पॅकिंग घेतलं. त्याला नखाला रेघ लागणार नाही इतका बारीक फेस लागतो, म्हणून काकांनी मशीनचं टूल बदललं. ते इंजिन अजून उघडावं लागलेलं नाही.

आता पिस्टनची ऑर्डर देण्याआधी हेड आणि ब्लॉक दोन्ही माझ्या टेबलावर हवेत. ज्याला तेवढा धीर नाही, त्याचं काम मी घेत नाही.