हुगळीकाठची चाळीस वर्षे

पराक्रम हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांपुढे रणांगण उभे राहते. परंतु जेथे शत्रू नाही, शंखनाद नाही आणि पाहणाराही कोणी नाही, असाही एक पराक्रम असतो. कालचे अपुरे काम आज पहाटे उठून पुन्हा हाती घ्यावयाचे, आणि हे असे वर्षानुवर्षे करीत राहावयाचे, हा तो पराक्रम होय. सातासमुद्रांपलीकडून हिंदुस्थानात येऊन येथेच देह ठेवणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्यांपैकी काहींच्या ठिकाणी तो दिसून येतो. विल्यम केरी हे त्यांपैकीच एक. मराठी भाषेवरही त्यांचे ऋण आहे.

केरी यांचा जन्म १७६१ साली इंग्लंडातील पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात झाला. वडील विणकर, पुढे ते गावच्या शाळेत शिक्षक झाले. मुलाने चांभारकाम पत्करले. जोडे शिवता शिवता त्याने लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू या भाषांचा अभ्यास केला. दुकानाच्या भिंतीवर त्याने स्वतः तयार केलेला जगाचा नकाशा लटकत असे. हातात आरी, नजर त्या नकाशावर आणि मन दूरदेशी, अशी त्या तरुणाची अवस्था होती.

१७९३ साली केरी सहकुटुंब बंगालला निघाले. पत्नी डॉरथी हिने पूर्वी समुद्रप्रवास कधी केला नव्हता, आणि परमुलखात जाण्यास ती मुळीच राजी नव्हती. अखेर आग्रहापुढे तिने मान तुकविली. चार मुलगे बरोबर होते. धाकटा तर अवघ्या काही आठवड्यांचा. पाच महिन्यांच्या प्रवासानंतर नोव्हेंबरात ही मंडळी बंगालच्या किनाऱ्याला लागली. परंतु ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या राज्यात मिशनरी नको होते. गाठचा पैसा संपला. सुंदरबनाच्या कडेला काही दिवस काढून १७९४ मध्ये केरी मालद्याजवळील मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर देखरेखीच्या नोकरीस राहिले. त्याच वर्षी त्यांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर आजाराने गेला. त्या परक्या गावात त्याच्या दफनासाठी माणसे मिळणेसुद्धा कठीण झाले. या आघातानंतर डॉरथीच्या मनाचा तोल गेला, तो पुन्हा सावरला नाही. १८०७ साली मृत्यूने तिची सुटका केली. तोवरची सुमारे बारा वर्षे एका खोलीत तिचा आक्रोश चाले, आणि शेजारच्या खोलीत पती भाषांतराची पाने लिहीत बसे. केरींच्या चिकाटीचे वर्णन करताना या स्त्रीचा विसर पडणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्या ध्येयाचे मोल तिनेही मोजले, आणि ते ध्येय तिने स्वतः निवडलेले नव्हते.

१८०० च्या जानेवारीत केरी हुगळीकाठच्या श्रीरामपुरास आले. हे गाव तेव्हा डेन्मार्कच्या सत्तेखाली असल्यामुळे कंपनीचा हुकूम तेथे चालत नसे. तेथे त्यांना दोन जिवाभावाचे सहकारी लाभले. विल्यम वॉर्ड हे मुद्रक होते, तर जोशुआ मार्शमन हे शिक्षक. सर्वांची पंगत एक आणि पैशाची थैलीही एक, असा तेथला रिवाज होता. पुढे केरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत आणि मराठी शिकवू लागले. तेथील वेतन मोठे होते. पण त्यातून खर्चापुरते ठेवून बाकीचे ते सामाईक थैलीत टाकीत. कॉलेजात नीटनेटके दिसावे म्हणून कपड्यांसाठी काय ती थोडी अधिक रक्कम त्यांना मिळे.

त्यांचा दिवस कसा जाई? १८०६ च्या जूनमध्ये त्यांनी एका मित्राला पत्रातून आपल्या एका दिवसाचा हिशेब कळविला आहे. सकाळी पावणेसहाला उठणे, हिब्रू ग्रंथाचा एक अध्याय आणि एकांतातील प्रार्थना. मग नोकरांसह बंगालीतून प्रार्थना. चहा येईपर्यंत मुनशीजवळ फारसीचे वाचन. न्याहारीनंतर पंडितासह रामायणाच्या भाषांतराचे काम. दहा वाजता कॉलेज. दुपारी परतल्यावर बंगाली मुद्रितांची तपासणी. जेवणानंतर मुख्य पंडितांच्या साहाय्याने संस्कृत भाषांतर. सायंकाळी तेलुगू शिकविणारा पंडित येई. त्यानंतर प्रवचन. रात्री नऊनंतर पुन्हा बंगाली भाषांतर, मग पत्रलेखन आणि अखेरीस ग्रीक ग्रंथाचा एक अध्याय वाचून निद्रा. या दिवसात अद्भुत असे काय आहे? काहीच नाही. अद्भुत आहे ते इतकेच, की असे दिवस एकामागून एक कित्येक वर्षे उगवत राहिले.

मराठीचे त्यांचे काम याच दिनक्रमातून निपजले. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण आणि १८१० साली मराठी-इंग्रजी कोश श्रीरामपुरास छापून निघाला. या कामी वैजनाथ पंडितांचे त्यांना मोठे साहाय्य झाले. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने आणि पुढे त्याचा जावई मनोहर याने अनेक लिप्यांचे खिळे घडविले. ही माणसे नसती तर केरींची पाने पेटीतच राहिली असती. ही भाषांतरे निर्दोष होती असेही नाही. त्यांतील काही वाचकांना रुचली नाहीत, आणि पुढच्या पिढीला ती नव्याने करावी लागली. तथापि रानातून पहिली पायवाट पाडणाऱ्याच्या पायांना काटे बोचावयाचेच. मागाहून येणाऱ्यांना ती वाट सरळ करणे सोपे जाते.

या चिकाटीची खरी कसोटी ११ मार्च १८१२ च्या सायंकाळी लागली. छापखान्यातील कागदाच्या कोठारास आग लागली. वॉर्ड आणि इतर मंडळींनी शर्थ केली. तरीही कागदाचे साठे, अनेक भाषांचे खिळे आणि अनेक वर्षे खपून लिहिलेली हस्तलिखिते जळून गेली. अनेक भाषांच्या एका प्रचंड कोशाची केरींची तयारी होती. तीही भस्मसात झाली. त्या वेळी केरी कलकत्त्यास होते. दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी वार्ता आणली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. परंतु राख उपसताना खिळे पाडण्याचे साचे शाबूत सापडले, आणि छापण्याची यंत्रेही बचावली होती. वितळलेल्या धातूपासूनच कारागिरांनी नवे खिळे पाडावयास आरंभ केला, आणि केरींनी गेलेली पाने पुन्हा पहिल्यापासून लिहावयास घेतली. मोठा कोश मात्र गेला तो गेलाच.

पुढे १८१८ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह श्रीरामपूर कॉलेजची स्थापना केली. डिसेंबर १८२९ मधील एका रविवारी सकाळी सरकारकडून एक कागद त्यांच्या हाती आला. सतीची चाल बंद करणारा तो कायदा बंगालीत उतरावयाचा होता. रविवार हा त्यांचा उपासनेचा दिवस. पण त्यांनी प्रवचनाचे काम दुसऱ्यावर सोपविले आणि पंडिताला घेऊन ते भाषांतरास बसले. एका दिवसाच्या विलंबाने एखाद्या स्त्रीचा जीव जावयाचा, हे ते जाणून होते. संध्याकाळपर्यंत काम पुरे झाले.

केरींना बागेचा फार नाद होता. एकदा इंग्लंडातून आलेल्या बियांच्या पिशवीतील माती त्यांनी बागेत झटकली. काही दिवसांनी त्या मातीतून मायदेशीचे एक इवलेसे डेझीचे रोप उगवले. ते पाहून त्यांना कोण आनंद झाला! मायभूमीचे दर्शन त्यांना एवढेच घडावयाचे होते. चाळीस वर्षांहून अधिक काळात ते एकदाही इंग्लंडला परतले नाहीत. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरासच त्यांचा अंत झाला.

आपल्या अंगी एकच गुण आहे, तो म्हणजे हळूहळू का होईना, चालत राहण्याचा, असे ते आपल्या पुतण्याला सांगत. त्यांचा धर्म वेगळा असेल, मते वेगळी असतील. पण तो गुण कोणा एका धर्माचा किंवा देशाचा नाही. प्रतिभा सर्वांना लाभत नाही; पण अर्धे राहिलेले पान उद्या पुन्हा हाती घेणे ज्याच्या त्याच्या हाती आहे.