परत वळविलेले कण

सूर्याकडून येणाऱ्या एखाद्या क्षुल्लक प्रोटॉनला प्रकाशवेगाच्या जवळ जाणारा वेग कसा लाभतो, असे आम्ही वर्गात विचारतो, तेव्हा मुले चटकन उत्तर देतात, ‘एका प्रचंड धक्क्याने!’ खरे उत्तर याहून बोधप्रद आहे.

सूर्याच्या प्रभामंडलातून कधी कधी अब्जावधी टन द्रव्य उसळून बाहेर पडते. एरवीचा सौरवारा सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाने वाहतो. या द्रव्याचा वेग २,००० किलोमीटरांच्याही वर जाऊ शकतो. अशा वेगवान द्रव्यापुढे आघाततरंग निर्माण होतो. त्याच्या दोन्ही बाजूंचे चुंबकीय क्षेत्र खवळलेले असते. तरंग ओलांडून गेलेला कण त्या खळबळीत अडतो, मागे वळतो आणि पुन्हा तरंग ओलांडतो. एकमेकींकडे सरकणाऱ्या दोन भिंतींमधील चेंडूप्रमाणे प्रत्येक फेरीत त्याचा वेग थोडा वाढतो. बहुतेक कण लवकर निसटतात. त्यांना अल्पच ऊर्जा मिळते. जे वारंवार परत वळविले जातात, तेच समर्थ होतात. चल चुंबकीय क्षेत्रांवर आदळून कणांना ऊर्जा मिळते, ही मूळ कल्पना एन्रिको फर्मी यांनी १९४९ साली मांडली.

हे सामर्थ्य घातकही असते. ऑगस्ट १९७२ मध्ये सूर्यावर भीषण वादळ झाले. अपोलो १६ चे अंतराळवीर एप्रिलमध्ये परतले होते. अपोलो १७ चे डिसेंबरमध्ये निघाले. त्या दिवसांत चंद्रावर कोणी चालत असते, तर किरणोत्साराने गंभीर आजारी पडले असते. आज आपले आदित्य-एल१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरांवरून सूर्यावर पाळत ठेवून आहे. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने सिद्ध केली.

हा पाठ शिकविताना आम्हांला वसतिगृहाच्या सुट्ट्या आठवतात. घर आणि शाळा यांमधील सीमा मुले वर्षातून अनेकदा ओलांडतात आणि प्रत्येक वेळी थोडी अधिक जाणती होऊन येतात. मात्र दिवाळीनंतर काही मुले आईवडिलांसोबत ऊसतोडीला जातात, ती परतत नाहीत. कणही स्वतःहून मागे वळत नाही. त्याला वळविणारे क्षेत्र असावे लागते. म्हणून सुट्टी संपली, की रिकाम्या खाटा मोजून आम्ही त्या मुलांच्या गावी जातो. घराला कुलूप असेल, तर फडावर जातो.