मतदारसंघाबाहेरचे एन. डी.

कर्नाटकातल्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गुंजीत प्रा. एन. डी. पाटलांना मत देऊ शकेल असा एकही माणूस नव्हता. तरीही नाव निघालं की लोक म्हणायचे, 'आमचे एन. डी. सर'. माउली देवीच्या या गावाचा आमदार बेंगळुरूला बसतो आणि एन. डी. बसले मुंबईला.

१५ जुलै १९२९ रोजी सांगली जिल्ह्यातल्या ढवळीत, शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९६० साली शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा घेऊन ते विधान परिषदेत गेले आणि तिथं एकूण १८ वर्षं काढली. १९७८ च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात ते सहकारमंत्री झाले. मुख्यमंत्री होते शरद पवार, म्हणजे त्यांचे मेहुणे. (सोयरीक एवढी जवळची, पण पक्ष शेवटपर्यंत शेकापच.) १९८५ साली कोल्हापूरकरांनी त्यांना विधानसभेत पाठवलं.

आम्हाला ते दिसले ते सीमाप्रश्नाच्या, म्हणजे कर्नाटकातला मराठी भाग महाराष्ट्रात यावा यासाठीच्या सभांमधून. मी मागच्या गर्दीत उभा राहून ऐकायचो. 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'चा गजर ओसरला की हाडाचा मास्तर सीमा आखायच्या निकषांचा वर्ग घ्यायला लागे: खेडं हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा. ज्यांच्या खिशात कन्नडमधला सातबारा होता आणि तो वाचून घ्यायला शेजारचं शाळकरी पोर शोधावं लागत होतं, त्यांना यातला 'लोकेच्छा' हा शब्द फोडून सांगायची गरज नव्हती.

आमच्या तालुक्याचं दुखणं जरा निराळं आहे. सीमावादावरच्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं २६४ गावं महाराष्ट्राला द्यायची शिफारस केली. त्यात निपाणी होती, नंदगड होतं, खानापूरही होतं. नव्हतं ते बेळगाव. महाराष्ट्रानं अहवाल फेटाळला. मग 'तेव्हा मिळतंय ते घेतलं असतं तर?' हा वाद इथं अजून कट्ट्यावर पेटतो. मला विचाराल तर बेळगाव सोडून आम्ही एकटे पलीकडे गेलो असतो, तर बाजाराला आणि दवाखान्याला रोज सीमा ओलांडत बसलो असतो.

बेंगळुरूच्या वाटेवर मात्र आमचे पाय आम्हीच ओढले. २०१३ साली सीमाप्रश्नासाठी लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार निवडून आले, बेळगाव दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. २०१८ ला समितीत गट पडले, मतं फुटली आणि एकही जागा हाती लागली नाही. २०२३ लाही तेच.

एन. डी. गेले १७ जानेवारी २०२२ ला, कोल्हापुरात. सीमालढ्यातल्या १९५६ च्या गोळीबारातल्या बळींसाठी सीमाभाग हुतात्मा दिन पाळतो, तो हाच दिवस. महाराष्ट्रानं सीमाप्रश्नावर २००४ साली सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा त्यांच्या हयातीत निकाली निघाला नाही.